बोटं तर उघडीच

दिवाळीला गावी गेलो तेव्हा पिशवीतून कपडे काढताना सायकलचे हातमोजे ओसरीवर पडले. नवेच होते. अर्ध्या बोटांचे, तळव्याला जेलच्या गाद्या, पाठीवर जाळी. माय नुकतीच रानातून आली होती. कमरेची कापसाची झोळी सोडून भिंतीला टेकली होती. तिनं एक मोजा उचलला, उलटासुलटा केला, गादीवर अंगठा दाबून पाहिला आणि हातात घातला. मग पाचही बोटं माझ्यापुढं धरून म्हणाली, "आरं, बोटं तर उघडीच की. मंग मोजे कशाचे हे?" मी सांगायला लागलो, की सायकलीवर जोर तळव्यावर येतो, बोटं मोकळी असली की ब्रेक नीट धरता येतो, घाम कमी येतो. ती ऐकत होती, पण बघत होती स्वतःच्या बोटांकडं. वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्यांची टोकं दिवसभर टोचून नखांच्या कडेला रक्ताचे बारीक ठिपके धरले होते. "असंल," म्हणाली, मोजा काढून माझ्या कपड्यांच्या घडीवर ठेवला आणि चूल पेटवायला उठली.

एवढंच झालं. पण मानवतहून संभाजीनगरला येईपर्यंत एसटीत माझ्या डोक्यात तेच वाक्य घोळत राहिलं.

मी फिक्स्ड गिअरची सायकल चालवतो. मागच्या चाकाला फ्रीव्हील नसतं, म्हणून चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरतंय तोवर पाय. उतार आला म्हणून पाय थांबवून नुसतं बसून राहायची सोय नाही. माझ्या सायकलीच्या पुढच्या दातेरी चक्राला 48 दात आहेत आणि मागच्याला 17. मिनिटाला 90 फेऱ्या मारल्या की ताशी 32 किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. दौलताबादच्या घाटातून खाली येताना 45 चा वेग झाला तर पायांना मिनिटाला सव्वाशे फेऱ्या माराव्या लागतात, मर्जी असो वा नसो. मागं 16 दात न लावता 17 लावण्यामागं कारण आहे. ही सायकल मागचं चाक अडवून, घासत थांबवायची असते. 48 ला 16 लावले तर पुढचा एक फेरा म्हणजे मागचे नेमके तीन, त्यामुळं दर वेळी टायर त्याच एका जागी घासतो आणि तिथंच फाटतो. 17 लावले की घासायच्या जागा 17 होतात. शर्यतीच्या ट्रॅकवर ब्रेक चालत नाही, पण रस्त्यावर मी पुढच्या चाकाला ब्रेक ठेवलेला आहे. संभाजीनगरच्या रस्त्यावर बिनब्रेकची सायकल काढणं मला पटत नाही.

लोकांना वाटतं ही पायांची सायकल आहे. मला ती आधी हातांची वाटते. पहाटे छावणीतून निघून पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा करत दौलताबाद गाठायचं आणि किल्ल्याच्या वेशीतून वर खुलताबादकडं चढायला लागायचं. बदलायला दुसरा गिअर नाही. चढ अंगावर आला की सीटवरून उठून हँडल ओढावं लागतं, अगदी विहिरीचा दोर ओढावा तसं. त्या वेळी ताण येतो बोटांच्या मुळांवर. चाक घासून थांबवायचं असेल तेव्हा अंग पुढं टाकायचं, मागचं चाक हलकं करायचं आणि पाय आवळायचे. त्या वेळी अंगाचा सगळा भार तळव्याच्या टाचेवर येतो. सपाट रस्त्यावर तासभर एकाच पकडीत गेलं की करंगळीच्या बाजूची मांसल कड दबते. एकाच हाताला तीन वेगळी कामं, आणि प्रत्येक कामाची जागा वेगळी. दुकानात मिळणारा मोजा यातलं एखादंच काम मनात धरून शिवलेला असतो, हे कळायला मला दोन वर्षं आणि चार जोड लागले.

पहिला जोड घेतला तो मुंग्यांमुळं. साठ-सत्तर किलोमीटर झाले की करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजू बधिर व्हायची. सुरुवातीला तासाभरात उतरायचं, पुढं पुढं संध्याकाळपर्यंत राहायला लागलं. एकदा कामावर जाताना शर्टाच्या बाहीचं बटण लागेना. डॉक्टरांनी मनगटाच्या खाली, करंगळीच्या बाजूला अंगठ्यानं दाबलं आणि कळ थेट करंगळीच्या टोकाला गेली. तिथून अल्नर नावाची नस जाते, हाडांच्या मधल्या अरुंद वाटेनं, आणि हँडलवर नेमकी तीच जागा चेंगरते. गादीचे मोजे वापर म्हणाले. मी दुकानातला सर्वांत जाड गादीचा जोड घेतला. पण गादी होती तळव्याच्या मधोमध, जिथं मला काही दुखत नव्हतं. त्यातून हँडल जाड झाल्यासारखं वाटायला लागलं, म्हणजे ते धरायला मूठ आणखी आवळावी लागायची, आणि मुंग्या आधी यायला लागल्या. चढावर हँडल ओढलं की ती गादी पुढं सरकून बोटांच्या मुळाशी गोळा व्हायची. घरी येऊन मोजा काढला की तिथं लाल वळ उठलेला असायचा. दुसरा जोड पातळ होता, पण अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या शिवणीत तिसऱ्या आठवड्यात उसवला. तिसरा मोटरसायकलचा. त्यातून ब्रेकचा दांडा कुठं आहे तेच कळत नव्हतं.

मापाची गोष्टही मला उशिरा समजली. अंगठा सोडून बाकीच्या चार बोटांच्या मुळांभोवती, गाठींवरून टेप फिरवायचा. कारखान्यातल्या हातमोज्यांचा नंबर हा साधारण त्या घेराचे इंच असतो. 9 नंबर म्हणजे 9 इंच, 229 मिलिमीटर. माझा घेर बरोबर नऊ इंच. पण 9 नंबरचा मोजा ज्या हातासाठी धरलेला असतो त्याची लांबी असते 192 मिलिमीटर आणि माझा हात मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत 180 च भरतो. रुंद पंजा, आखूड बोटं. बापाचा हात असाच होता. शाळेच्या सुट्ट्यांत मीही औताच्या रुमण्याला लटकायचो. रुंदीला बसणारा मोजा बोटांच्या टोकाला रिकामा लोंबतो आणि बोटांना बसणारा मोजा पंजात शिरत नाही. अर्ध्या बोटांचे मोजे मला आवडायचे त्याचं खरं कारण हेच होतं. तिथं बोटाच्या लांबीचा प्रश्नच येत नव्हता. मायला मी घामाचं आणि ब्रेकचं सांगितलं, हे मात्र सांगितलं नाही.

एकदा कामासाठी पुण्याला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम वेळ काढून बालेवाडीला गेलो. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं ते संकुल, त्यातला वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा ट्रॅक, मला बघायचा होता. उन्हात पांढरी दिसणारी ती कलती भिंत पहिल्यांदा जवळून पाहिली तेव्हा पोटात गोळाच आला. दिल्लीचा 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांचा ट्रॅक लाकडाचा आहे, 250 मीटरचा. तेवढ्या छोट्या ट्रॅकची वळणं चाळीस अंशांहून जास्त तिरपी असतात, घराच्या पत्र्यापेक्षा कितीतरी उभी. कठड्यापाशी एक वयस्कर गृहस्थ उभे होते, तरुणपणी शर्यती खेळलेले. माझा अर्ध्या बोटांचा मोजा बघून त्यांनी माझं बोट धरलं आणि म्हणाले, "ट्रॅकवर पूर्ण बोटांचा घाला. सिमेंटवर पडलात तर किसणी, लाकडावर पडलात तर कुसळं." मग त्यांनी त्यांच्या काळातली एक गोष्ट सांगितली. शर्यत संपल्यावर वेग उतरवायला ते पुढच्या टायरवर तळवा टेकवायचे, तोही फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, पुढं. चाकाचा वरचा भाग पुढं जात असतो, म्हणून हात पुढं लोटला जातो. फोर्कच्या मागं टेकवला तर आत ओढला जातो. "म्हणून चामडं," ते म्हणाले. "गादीबिदी काही नाही. तळव्याला चामडं, पाठीला क्रोशाची जाळी."

तेव्हा मला मॅडिसन आठवली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवरून नाव पडलेली जोडीची शर्यत. दोघांपैकी एक जोरात पळत असतो, दुसरा वर कडेनं दम खात असतो, आणि पाळी बदलताना पहिला दुसऱ्याचा हात धरून त्याला गोफणीतल्या दगडासारखा पुढं फेकतो. टोकियोत, 6 ऑगस्ट 2021 ला, ऑलिंपिकमध्ये ती पहिल्यांदाच बायकांची झाली. केटी आर्चिबाल्ड आणि लॉरा केनी जिंकल्या. मी मोबाइलवर बघत होतो आणि सबंध शर्यतभर माझी नजर त्यांच्या हातांवरून हलली नाही. एवढ्या वेगात, एवढ्या गर्दीत, मागं न बघता एकीचा हात दुसरीच्या हातात अचूक यायचा. सगळी शर्यत त्या एका पकडीवर.

तरी मी अर्ध्या बोटांचेच वापरत राहिलो.

मग पडलो. डिसेंबरात, शरणापूर फाट्याच्या वळणावर, तेही फार वेगात नव्हतो. वळताना पाय थांबवता येत नाही, आतल्या बाजूचं पायडल खाली येतं, रस्त्याला टेकतं आणि मागचं चाक उचललं जातं. हे मला माहीत होतं, चारचौघांना मी सांगितलेलंही होतं. त्या दिवशी जरा जास्तच कललो. माणूस पडताना आधी हात पुढं टाकतो. तळवे शाबूत राहिले, जेल फाटलं पण कातडी वाचली. उजव्या हाताच्या चार बोटांची टोकं मात्र खडीवर खरडून निघाली. घरी नळाखाली हात धरला तर टोकांमध्ये काळ्या खडीचे कण रुतलेले. सुईनं एकेक काढताना माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, बोटं तर उघडीच.

पुढचे पंधरा दिवस कामावरचं हजेरीचं मशीन माझं बोट घेईना. लाल दिवा, पुन्हा लाल दिवा. मागं रांग थांबलेली. कपाळावर घाम येतो, आपण आपणच आहोत हे मशीनला पटवून देता येत नाही. तिसऱ्या दिवशी त्या रांगेत उभा असताना मला माय दिसली. रेशन दुकानात तिचा अंगठा लागत नाही. एकदा लागत नाही, दुसऱ्यांदा लागत नाही, मग दुकानदार म्हणतो पदराला पूस, मग म्हणतो दुसरं बोट ठेव, मग म्हणतो उद्या ये. चाळीस वर्षं कापूस वेचून, खुरपं धरून, धुणी बडवून तिच्या बोटांवरच्या रेघा गेल्या आहेत. ती हे फोनवर सांगायची आणि मी "आधार अपडेट करून घेऊ" म्हणून विषय संपवायचो. माझ्या रेघा पंधरा दिवसांत परत आल्या.

त्या रिकाम्या दिवसांत मी हातांचाच विचार करत होतो. कापूस वेचणाऱ्या बाया बोटांना चिंध्या बांधतात, पण टोक उघडं ठेवतात. बोंडातला कापूस एका झटक्यात, पाचोळा न लागता निघायला हवा, तर चिमटीला कापूस कळावा लागतो. ऊसतोडीला गेलेल्या बाया हातात जुने पायमोजे घालतात. पाचट कापतं, त्याला तेवढी आड पुरते. आणि करडईला तर काय काय गुंडाळतात! हाताला फडकी, पायाला पोत्याचे तुकडे. करडई काढायची ती पहाटे, दवानं काटे जरा मऊ असतात तेव्हा. ऊन चढलं की काटा ताठ होतो आणि काम थांबतं. फलटणला बिनकाट्याची नारी-6 ही जात निघाली त्याला बरीच वर्षं झाली, पण आमच्या शिवारात काट्याचीच करडई असते. ज्वारीच्या कडेनं तिचे तास टाकले की गुरं आत शिरत नाहीत. म्हणजे माझ्या घरात, माझ्या भोवती सगळ्यांना ठाऊक होतं की कुठल्या कामाला हाताचा कुठला भाग झाकायचा आणि कुठला मोकळा सोडायचा. त्यांना फक्त झाकायला चिंधीशिवाय काही मिळालं नव्हतं. माझ्याकडं पैसे होते, दुकानं होती, आणि मी चार जोड चुकीचे घेतले होते.

खरा जोड सापडला वाळूजमध्ये, आमच्याच कारखान्याच्या वेल्डिंग शॉपमध्ये. आमचा आर्गनवाला, म्हणजे आर्गन वायूवर वेल्डिंग करणारा, एका हातात वेल्डिंगचा टॉर्च धरतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटांतून फिलरची, म्हणजे सांध्यात वितळवून भरायची, तार पुढं सरकवत असतो. दीड-दोन मिलिमीटरची तार. अंगठ्यानं ढकलायची, दोन बोटांनी धरायची, पुन्हा ढकलायची, आणि नजर सगळी वितळलेल्या थेंबावर. त्याच्या हातात जाड वेल्डिंगचे मोजे नसतात. ते गाईच्या चामड्याचे, खरखरीत, पंज्यासारखे ताठ. त्याचे पांढुरके, पातळ, बोटाला चिकटून बसणारे. इतके दिवस समोर होते आणि मी पाहिले नव्हते. "दादा, हे कशाचे?" म्हटलं. "शेळीचं. तार कळायला पाहिजे ना हाताला," तो म्हणाला आणि मोजा काढून माझ्या हातात दिला. शेळीचं चामडं पातळ असून चिवट असतं, बारीक दाण्याचं. धाराशिवकडची काळी उस्मानाबादी शेळी आमच्या दारात कायम बांधलेली असायची. तिचं दूध प्यालो, बोकड विकून माझी फी भरली. तिचं कातडं कुठं जातं याचा विचार मात्र कधी केला नव्हता. हार्डवेअरच्या दुकानात हे मोजे दोन-अडीचशे रुपयांत मिळाले. कोलकात्याहून माल येतो म्हणाला. सायकलच्या दुकानात मी त्याच्या सहापट मोजले होते.

पण तो मोजा वेल्डरचा. हाताच्या निम्म्यापर्यंत येणारी लांब बाही, मनगट वाकवलं की आडवी येते. टोकं मला लांब. पाठ बंद, त्यामुळं दहा मिनिटांत हात उकडून निघतो. शहागंजच्या घड्याळापाशी बसणाऱ्या एका चांभारकाकांकडं घेऊन गेलो. त्यांनी मोजा घालून माझी मूठ वळायला लावली, खाटेचा आडवा बांबू धरायला लावला, ओढायला लावला. सायकलीबद्दल एक प्रश्न नाही, सगळं हाताबद्दल. मग म्हणाले, "बोटाच्या बुडाला शिलाई आतून हाय. वढलं की तीच रुततीया तुला." त्यांनी रापीनं बाही कापली, बोटांची टोकं उसवून आखूड केली, बुडाची शिवण आरीनं बाहेरून घेतली आणि पाठीवर पंचानं बारीक भोकांच्या चार ओळी पाडल्या. करंगळीच्या बाजूच्या कडेला आतून चामड्याचा एकच पदर लावला, गादी म्हणून नाही, नस जाते त्याच्या दोन्ही बाजूंना उंची येईल असा, मधे खोबणीसारखी नाळ सोडून. ही कल्पना माझी होती, पण ती नाळ नेमकी कुठं हवी हे त्यांनी माझ्या तळव्यावर अंगठा फिरवून ठरवलं.

त्या जोडानं मी आता चालवतो. मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत, पण शंभर किलोमीटरपर्यंत येत नाहीत. पहिल्यांदा साबणानं धुऊन उन्हात टाकले तेव्हा वाळून पापड झाले होते. आता गार पाण्यानं घामाचं मीठ काढतो, सावलीत टाकतो आणि दमट असतानाच हातात घालून चार वेळा मूठ वळतो. चढावर हँडल ओढताना चामड्यातून लोखंडाचा गारवा लागतो, हँडलला गुंडाळलेल्या टेपची प्रत्येक वळी बोटाला कळते. खुलताबादच्या वर पोचून मोजे काढले की हाताला शेळीच्या अंगाचा मंद वास येतो. मला तो आवडतो. दावणीजवळ झोपल्यासारखं वाटतं.

फेब्रुवारीच्या शेवटी करडईला गावी गेलो. दुसरा एक जोड बरोबर होता, न कापलेला, परत आल्यावर शहागंजला द्यायचा म्हणून पिशवीत राहिलेला. पहाटे माय हाताला फडकी गुंडाळत होती, दातांनी गाठ मारत. मी तो जोड तिच्यापुढं धरला. तिनं कंदिलाच्या उजेडात आधी बोटं मोजल्यासारखी चाचपली, पाची झाकलेली आहेत हे पाहिलं, मग हात घातला. बाही बांगड्यांवरून पार कोपराच्या खालपर्यंत गेली. "मी ही बाही कापून घेणार होतो," म्हटलं.

"कापू नगंस," ती म्हणाली. "काटा हितंच तर लागतो."

करडईचे दोन तास उपटून होईपर्यंत उजाडलं. ती बांधावर आली, हात वर करून मोजा ओढायला लागली तर निघेना, इतका घामानं चिकटलेला. निघाला तेव्हा बोटं पांढरी पडून सुरकुतली होती, पण टोचलेलं कुठं दिसत नव्हतं. "आत लई उकडतंय बघ," ती म्हणाली. "तुझ्या मोज्याला पाडलीत तसली भोकं ह्याला पाडता येतेत का?" येतात म्हटलं, पण फक्त पाठीवर. तिनं मोजा पुन्हा चढवला आणि हात माझ्यापुढं पालथा धरला. मी खिशातला बॉलपेन काढून ओलसर चामड्यावर ठिपके मांडायला लागलो. "तिथं नगं, तिथं झाड घासतंय," म्हणत तिनं मूठ वळवून दाखवली. "हितं. आन् बारीक पाडाय सांग."